कमलची कॅसेट

भजनांच्या ज्या कॅसेटी मला मनापासून आवडतात, त्यांतली एकही कधी दुकानात विकायला आली नाही. एकीत ऐन आरतीत म्हैस रेकते. एकीत देवीचं गाणं म्हणता म्हणता म्हातारी थांबते, कुणाला तरी दूध उतू जातंय असं सांगते आणि त्याच सुरात पुढचं कडवं उचलते. विकतच्या कॅसेटीत हे सगळं काढून टाकलेलं असतं. मला मात्र आवाजाच्या आजूबाजूचं घर ऐकू आलं, की तो माणूस कोण असेल याची चुटपुट लागते. बहुतेक वेळा ते कळत नाही. एकदा कळलं, ते सांगतो.

परभणीत स्टेशन रस्त्याच्या एका बोळात माझं कॅसेटचं दुकान होतं. ‘कॅसेट भरून देणे’ हा धंदा. म्हणजे असं, की गावातल्या सप्त्यात, लग्नात, भजनात कुणीतरी टेपवर काहीतरी धरून आणायचं आणि त्याच्या पाच-दहा प्रती आम्ही काढून द्यायच्या. दोन डेक, मधे एक वायर, कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून हेड पुसायचं आणि फीत गुंतली तर पेन्सिल घालून गुंडाळायची. एवढीच विद्या. बाकी सगळं काम कानाचं.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची. एका गृहस्थांना दाढी, आंघोळ आणि पूजा उरकेपर्यंत नेमक्या संपतील अशा आरत्या हव्या होत्या. तीन वेळा येऊन त्यांनी लांबी दुरुस्त करून घेतली. एक बाई सासूच्या आवाजातली देवीची गाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मधेमधे सासूबाई बोलतात तेवढं काढून टाका. मी काढलं, पण का कोण जाणे, ते बोलणं वेगळ्या कॅसेटवर ठेवून दिलं. सासूबाई गेल्यावर त्या बाई पुन्हा आल्या. गाणी आहेत, म्हणाल्या, पण त्या बोलायच्या ते कुठं मिळेल का? मी कपाटातून काढून दिलं. माझ्या धंद्यातलं हे एक शहाणपणाचं काम.

नाहीतर शहाणपण कमीच. गाणाऱ्याचं नाव विचारून लिहून ठेवावं, हे मला कधी सुचलं नाही. माझ्या जुन्या वह्यांत ‘बाई, देवीची गाणी’ किंवा ‘बुवा, काकडा’ असंच लिहिलेलं सापडतं. कोणती बाई, कोणते बुवा, आता कुणाला विचारणार?

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता घरच्या पुढच्या खोलीत संगणक आहे आणि एक जुना डेक मी जिवापाड सांभाळलाय. लोक माळ्यावरच्या कॅसेटी पिशवीत भरून आणतात, मी त्या साफ करून पेन ड्राइव्हवर घालून देतो. गेल्या वर्षी असेच दिगंबरराव आले. मूळचे बोरीचे, सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, राहायला परभणीतच. त्यांनी टेबलावर दोन कॅसेटी ठेवल्या.

पहिली पाहिली आणि मला हसू आलं. अक्षर माझंच होतं. ‘भूपाळी. गायिका : कु. कमल, बोरी.’ चाळीस वर्षांपूर्वी मीच भरून दिलेली प्रत. म्हणजे या एका कॅसेटवर मी नाव लिहिलं होतं तर!

दिगंबररावांनी सगळं सांगितलं. कमल त्यांची धाकटी बहीण. नऊ वर्षांची असताना तिनं मारुतीची भूपाळी म्हटली आणि ती टेपवर निघाली. वडील, म्हणजे तात्या, गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. त्यांनी तिची प्रत मारुतीच्या देवळात दिली, तेव्हापासून बोरीची सकाळ त्या भूपाळीनं होते. आता देवळाचा जीर्णोद्धार झालाय, नवा भोंगा आलाय, पण कॅसेट झिजून खरखर करते. देवस्थानच्या मंडळींनी ठरवलंय, की भूपाळी साफ करून घ्यायची, कमलच्या नावाची पाटी लावायची आणि हनुमान जयंतीला तिचा सत्कार करायचा.

“पण कमल येत न्हाई म्हणायलीय,” ते म्हणाले. “पेडगावला दिली तिला. आता पन्नाशीला आली, तरी लाजायलीय. गाणं तर तेव्हाच सुटलं तिचं. घसा बसला म्हणती.”

दुसरी कॅसेट मूळची. आईच्या ट्रंकेत तळाशी सापडलेली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या कॅसेटवर लहान मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘कमलची कॅसेट. हात लावू नये.’

मूळची मिळाली की साफ करणाऱ्याला आनंद होतो, कारण प्रतीत जे हरवतं ते तिच्यात असतं. त्या दुपारी मी ती लावली. आधी बादलीचा आवाज, गाईच्या गळ्यातली घंटा, लांबवर कुणाच्या तरी घरचा रेडिओ. मग भूपाळी. कोवळा, पातळ, काचेसारखा आवाज. ‘ऊठ मारुतीराया आता, गोठ्यात गाय उठली.’ पुढच्या ओळींमध्ये सडा होता, चूल होती, दारचा निंब होता. ही भूपाळी मी दुसरीकडं कुठंच ऐकलेली नाही. शेवटी पाखरू चिवचिवल्यासारखं काहीतरी आणि मग नुसती खरखर.

चाळीस वर्षांपूर्वी प्रत काढताना मी पुढचं बादली-रेडिओ आणि मागचं चिवचिव कचरा म्हणून कापलं होतं. स्वच्छ काम केल्याबद्दल तात्यांनी तेव्हा पाठ थोपटली होती, हेही आठवलं.

या खेपेला मात्र माझा कान एका गोष्टीवर अडला. नऊ वर्षांच्या पोरीचा श्वास एवढा पुरत नाही. कडवं संपत आलं तरी आवाज दमत नव्हता. आणि उच्चार कसे घाईघाईचे वाटत होते, म्हणणारी निवांत असूनसुद्धा. मी पुन:पुन्हा ऐकलं. चौथ्यांदा ऐकताना रेडिओकडं लक्ष गेलं. बातम्यांच्या आधी रेडिओवर वेळेचे ठोके वाजायचे, टिंग, टिंग. दोन ठोक्यांमधे बरोबर एक सेकंद. सहा ठोके म्हणजे मधली अंतरं पाच, म्हणजे पाच सेकंद. संगणकावर ते ठोके रेघांसारखे दिसतात. मी मोजले. चार सेकंदांच्या जरा वर भरले.

रेडिओचं घड्याळ चुकणार नाही. मग चुकला होता टेप.

हे जरा समजावून सांगतो. टेपरेकॉर्डर सेलवर चालत असेल आणि सेल उतरलेले असतील, तर आवाज भरताना फीत हळू सरकते. नंतर ती चांगल्या यंत्रावर नेहमीच्या वेगानं वाजवली, की सगळं भरभर आणि चढ्या आवाजात ऐकू येतं. मोठं माणूस लहान वाटतं. खेड्यात सेल महाग, लोक ते उन्हात वाळवून पुन्हा वापरायचे. अशी कॅसेट दुकानात आली की आम्ही अंदाजानं वेग सुधारून द्यायचो. या कॅसेटीच्या वेळी मला अंदाज आला नव्हता, कारण पोरीचं गाणं म्हणून सांगितलं होतं आणि पोरीसारखंच वाजत होतं.

मी ठोके पाच सेकंदांवर आणून बसवले आणि पहिल्यापासून ऐकलं.

खोलीत एक बाई गात होती. चाळिशीच्या आसपासची, भरदार गळ्याची, कसलीही घाई नसलेली. गाण्यातल्या ज्या जागा पोरीच्या तोंडी नुसत्या गोड वाटत होत्या, त्या आता समजून-उमजून घेतलेल्या कळत होत्या. मी दुकानात हजारो कॅसेटी भरल्या असतील, पण असा आवाज फार थोड्या वेळा माझ्या डेकमधून गेला. शेवटी जे चिवचिवत होतं, तेही आता माणसाचं बोलणं झालं. एक लहान मुलगी म्हणत होती, “आये, सेल संपायलेत.”

मी दिगंबररावांना बोलावून घेतलं. काय सांगावं हे न कळून नुसतं ऐकवलं. त्यांनी बराच वेळ कोण म्हणतंय ते ओळखलं नाही. शेवटचं वाक्य आलं तेव्हा ते खुर्चीत पुढं सरकले. हा कमलचा आवाज, म्हणाले. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “म्हणजे म्हणायलीय ती आई.”

आईला गाताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते लहानपणापासून शिकायला परभणीत बोर्डिंगात होते आणि सुट्टीत घरी गेले तरी आई कामात. तात्यांचा नियमच होता, की घरंदाज बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. हळदीकुंकवात उखाणा घेतला तरी त्यांना खपत नसे.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पेडगावला गेलो. खरं तर माझं काम संपलं होतं. पण ही बाई कोण हे कळल्यावर ती लपली कशी हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं, आणि दिगंबररावांना एकट्यानं जायचा धीर होत नव्हता. कमलताई तुरीच्या शेंगा सोलत ओसरीवर बसल्या होत्या. भावाबरोबर परका माणूस बघून त्यांनी पदर सावरला, पाणी दिलं. मी टेप सुधारल्याचं सांगितलं आणि मोबाइलवर ऐकवायला लागलो. पहिल्या ओळीलाच त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. पूर्ण होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “किती वर्षांनी ऐकले तिला.”

पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं. हैदराबादच्या मामानं भाचीला टेपरेकॉर्डर आणून दिला होता. तात्या सकाळी शेतात गेले की आई गोठ्यात धार काढताना गायची. पोरीला वाटलं, यंत्रात आईच धरावी. आई नको नको म्हणत होती, मग हसत तयार झाली. चार दिवसांनी तात्यांनी नवे सेल घातले आणि ती कॅसेट त्यांच्या हाती लागली. अंगणात उभे राहून त्यांनी ती ऐकली आणि विचारलं, कोण म्हणलंय हे. पोरगी घाबरून आईकडं बघायला लागली. आईनं चुलीपुढून मान वर न करता सांगितलं, कमलनं.

तात्या हरखले. त्यांनी पोरीला उचलून घेतलं आणि बायकोला म्हणाले, हा गळा तुझ्या माहेरचा नव्हे, माझ्या आईकडून आलाय. आई हो म्हणाली.

“मग काय,” कमलताई म्हणाल्या, “देवळात लागली, गावभर झाली. तात्या मला रोज म्हणायचे, म्हण. माझा आवाज तसला कुठं? आयेनं सांगितलं, घसा बसला म्हण. तवाचा बसलेला घसा बघा. मला बघायला आले तवा बी मी खोकत बसले. लेकरांना अंगाई म्हणले ती बी तोंडातल्या तोंडात. कुणी ऐकलं तर म्हणंल, भूपाळीवाली कमल अशी कशी गायलीय?”

दिगंबररावांनी विचारलं, आई असताना तरी का सांगितलं नाहीस?

“इचारलं व्हतं की. लगीन झाल्यावर माहेरी आले तवा. ती सडा टाकायली व्हती, वरून भोंग्यात भूपाळी लागलेली. म्हणलं, आये, आता सांगू का तात्यांना? ती म्हणली, राहू दे. रोज ऐकायला मिळतंय, लय झालं.”

कमलताईंना सत्कार नको होता तो एवढ्यासाठी. आईच्या आवाजावर साडी-नारळ कसं घेणार? आणि नाही म्हणायचं तर कारण काय सांगणार? तात्या हयात आहेत. नव्वदी गाठलेला माणूस. त्यांना या वयात सांगावं की नाही, यावर बहीण-भावाचं बराच वेळ चाललं. दिगंबरराव म्हणत होते, आता कशाला. पाटीवर कमलचंच नाव राहू द्या, कुणाचं काय बिघडतंय? कमलताई ऐकून घेत होत्या. शेवटी त्यांनी सोललेल्या तुरीची ताटली बाजूला सारली आणि म्हणाल्या, मी पन्नास वर्षांची झाले दादा, मला आता खोकायचं न्हाई.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं बोरीला गेलो. तात्या ओसरीवर बाजेवर बसले होते. ताठ पाठ, पांढरा फेटा, डोळ्यांना कमी दिसतं पण कान शाबूत. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. कॅसेटवाले, म्हणाले, तुमी लय साफ भरून दिली व्हती. मला खाली बघावंसं वाटलं. कमलताईंनी मला खुणेनं सांगितलं, आधी लावा.

मी छोटा स्पीकर बाजेजवळ ठेवला आणि नुसती भूपाळी लावली. पुढचं-मागचं काही नाही. तात्या मान हलवत ऐकायला लागले, शब्द ओळखीचे होते. पण दुसऱ्या ओळीला मान थांबली. त्यांनी हात वर केला, गप्प राहा म्हणून. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. भजनात आयुष्य गेलेला माणूस, चांगलं काय ते त्यांना कळत होतं. संपल्यावर म्हणाले, “ही कोण बाई? लय तयारीची हाय.”

कमलताई सांगायला पुढं सरकल्या. तेवढ्यात दारातून आवाज आला, “कोण म्हंजे? सुंदरा हाय की.”

शेजारच्या गोदामाय. पंच्याऐंशीच्या असतील, काठी टेकत आलेल्या. आवाज ऐकून आल्या होत्या. आमच्याकडं न बघता त्या स्पीकरकडं बघत होत्या.

सुंदरा म्हणजे सुंदराबाई, तात्यांची बायको.

तात्या म्हणाले, “सुंदरा गायची न्हाई. माझ्या घरात पन्नास वर्षं व्हती. कधी गायली न्हाई.”

“तुमी घरात असल्यावर कशी गाईल?” गोदामाय म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. विहिरीवर, गोठ्यात, दळताना सुंदरा गायची हे आळीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. देवळात भूपाळी लागली त्या पहिल्याच दिवशी त्यांनी ओळखली होती. आवाज बारीक झाला म्हणून काय झालं, म्हणाल्या, तिची श्वास घ्यायची जागा तीच. त्यावरून त्या तिला चिडवायच्यासुद्धा, ती हसायची आणि ओठांवर बोट ठेवायची. कुणी बाहेर बोललं नाही.

मी यंत्रं लावून, ठोके मोजून जे शोधलं, ते या आळीला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. मला कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं, इतकंच.

कमलताई बाजेजवळ खाली बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. कॅसेट, उतरलेले सेल, आईनं चुलीपुढून दिलेलं उत्तर. तात्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. त्यांचा हात बाजेच्या काठावरून फिरत राहिला. माझ्या आईचा गळा म्हणून तुला उचललं होतं, हे त्यांना आठवत होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, “आन ती हो म्हणली.”

मग त्यांनी दिगंबररावांना सांगितलं, पाटी रंगवणाऱ्याला फोन लाव. सुंदराबाई लिही म्हणावं. दिगंबरराव अंगणात जाऊन फोन करून आले, तोवर तात्या तसेच बसले होते. चेहऱ्यावर रडू नव्हतं. मी त्या चेहऱ्याला काय नाव द्यावं हे अजून ठरवू शकलेलो नाही. चुकीच्या गावाला उतरलेला माणूस इकडंतिकडं बघतो, तसं काहीतरी.

थोड्या वेळानं त्यांनी गोदामायकडं तोंड केलं. “आणखी काय काय म्हणायची ती?”

“लय म्हणायची. जात्यावरची एक, पाळण्याची एक, ती गौळण बी...” गोदामाय आठवायला लागल्या. काठी भिंतीला टेकवून त्या उंबऱ्यावर बसल्या आणि थरथरत्या आवाजात एक गाणं म्हणायला लागल्या. तिसऱ्या ओळीशी अडल्या. पुढचे शब्द सापडेनात. त्यांनी कमलताईंकडं बघितलं.

कमलताईंना येत होते. त्यांनी एकदा तात्यांकडं बघितलं, पदर नीट केला आणि पुढची ओळ म्हटली. आवाज साधाच होता, न वापरलेला, कडेला थोडा खरबरीत. एकदा सूर निसटला. त्या थांबल्या नाहीत, खोकल्या नाहीत. कडवं पुरं केलं आणि मान खाली घालून बसल्या.

तात्यांनी डोळे मिटले होते. मग ते म्हणाले, “पुढं?”